उरलेली रेकॉर्ड

"मग तुम्ही रेडिओ बंद का करत नाही?" शर्वाणीनं फोनवर विचारलं.

पलीकडच्या माणसाच्या मागं कसलंसं मशीन धपधप करत होतं.

"मला बंद करता येत नाही," तो म्हणाला. "म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्हीच थांबवा हा प्रकार."

"काका, हे जॅझ आहे. आजचं जॅझ. सगळ्यांच्या कानाला झेपत नाही. तुम्ही दुसरं स्टेशन लावा."

तिनं फोन ठेवला आणि हसत पाटोळेसरांकडं बघितलं.

सर हसले नाहीत.

"कोण होतं?"

"आवटी म्हणून कुणी आहेत. वकील होते म्हणे."

"राहतात कुठं?"

"ते कशाला विचारू मी?"

सरांनी फोन आपल्याकडं ओढला आणि आलेल्या नंबरावर परत लावला.

"आवटीसाहेब, मी दानियल पाटोळे. रेडिओवरनं बोलतोय. उद्या घरी आलो तर चालेल का?"

…

मिरजेतल्या एका कॉलेजच्या वरच्या मजल्यावर ते रेडिओ केंद्र होतं. दोन लहान खोल्या आणि गच्चीवर एक मनोरा. आवाज गावाबाहेर फारसा जात नसे. दिवसभर शेतीची माहिती, बाळंतिणीची काळजी, भजनं, शाळेतल्या पोरांच्या गोष्टी चालायच्या. आणि रविवारी दुपारी, भजनं संपली की पाटोळेसरांचा जॅझचा कार्यक्रम लागे. त्याचं नाव होतं 'आडवळण'.

नाव बरोबर होतं. आज नॉर्वेचा कुणी ट्रम्पेटवर नुसती फुंकर घालतोय, तर पुढच्या खेपेला जपानची कुणी बाई पियानोच्या तारा आतून हातानं छेडते आहे. कधी शिकागोचे ढोलवाले एकमेकांशी भांडल्यासारखे वाजवताहेत, तर कधी एकटा डबल बास खोलीत चालत असल्यासारखा. सर वादकाचं नाव सांगत, गाव सांगत, साल सांगत आणि गप्प बसत.

सर मूळचे नगरकडचे. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत क्लॅरिनेट वाजवायचे. पुढं मिरजेत येऊन मिशनच्या शाळेत संगीत शिकवलं. आता हात कापायला लागले होते. रेकॉर्डवर सुई ठेवताना उजव्या हाताला डाव्या हातानं आधार द्यावा लागे. नाताळनंतर ते थांबणार होते. कार्यक्रम शर्वाणीला द्यायचा की बंद करायचा, हे केंद्राच्या लोकांनी त्यांच्यावरच सोडलं होतं.

शर्वाणी कानिटकर ही गावातल्या डॉक्टरांची मुलगी. हॉलंडला जाऊन जॅझ शिकली होती. व्हिसा वाढवून मिळाला नाही आणि परत यावं लागलं, ते तिला फार लागलं होतं. कुणी "आता इथंच का?" असं विचारलं की ती तोंड फिरवायची. तिला सरांपेक्षा पुष्कळ माहिती होती. आणि ते तिला ठाऊक होतं.

आता ती सरांबरोबर कार्यक्रम करायची, आणि प्रत्येक रेकॉर्डच्या आधी बोलायची. कोणता वादक कुणाकडं शिकला, कोणत्या शहरात कसली लाट आली, तिथल्या सुरांच्या रचनेत काय मोडलं आणि का मोडलं… सगळं सांगायची. कधी कधी वेळ पुरायचा नाही, मग रेकॉर्ड आधीच थांबवावी लागे. तिच्या बोलण्याला धार होती. सर डोळे मिटून ऐकून घेत.

"सर, मी चांगलं बोलते ना?" तिनं एकदा विचारलं होतं.

"छान बोलतेस."

"मग तुम्ही काही म्हणत का नाही?"

"म्हटलं की. छान बोलतेस."

…

आवटी वकिलांचं घर स्टेशनच्या रस्त्याला होतं. दार त्यांनीच उघडलं. उंच, वाळलेला माणूस. कपाळावर विभूती, अंगात घरातही इस्त्रीचा शर्ट.

बाहेरच्याच खोलीत लोखंडी कॉट होती. कॉटवर त्यांची पत्नी, गिरिजाबाई. उशांच्या उतरंडीवर अर्धवट बसवलेल्या. नाकात नळी आणि पायाशी ऑक्सिजनचं मशीन… धप्… धप्… खिडकीत छोटा रेडिओ.

"हिची फुप्फुसं आवळत चाललीत," वकील हळू आवाजात म्हणाले. "आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या म्हणाले. भजनांसाठी रेडिओ लावून देतो. तर एका रविवारी भजनांमागून तुमचं ते सुरू झालं. मी बंद करायला उठलो, तर हिनं कॉटवर हात आपटला. असू दे म्हणाली. तेव्हापासून दर रविवारी."

"त्यांना आवडतं," शर्वाणी म्हणाली.

"तिला आवडतं हो!" वकिलांचा आवाज एकदम चढला. मग त्यांनी पत्नीकडं बघितलं आणि तो खाली आणला. "काल तुम्ही तो कुणी सॅक्सोफोनवाला लावला होतात. मी आत स्वयंपाकघरात होतो. आवाज आला आणि हातातलं टाकून पळत आलो. वाटलं, हिलाच काहीतरी होतंय… मला कळेना, हिचा श्वास कुठला आणि रेडिओचा कुठला. दिवसरात्र मी हेच ऐकतोय, बाई. तेच पुन्हा रेडिओवरही ऐकायचं?"

शर्वाणीला ती रेकॉर्ड माहीत होती. पोलंडच्या एका वादकाची. एकटा सॅक्सोफोन, दुसरं काही नाही. आदल्या दिवशी तिनं त्या रेकॉर्डबद्दल भरपूर सांगितलं होतं.

"ते मुद्दाम असतं, काका," ती म्हणाली. "श्वास सुरापासून वेगळा काढायचा, हे त्यांचं तंत्रच आहे. त्यामागं असा विचार आहे की…"

कॉटवर बोटं हलली.

शर्वाणी थांबली. गिरिजाबाई तिला जवळ बोलावत होत्या. ती वाकली. त्यांच्या अंगाला विभूतीचा आणि औषधाचा वास येत होता.

"काय आवडतं काकू तुम्हाला त्यात?"

गिरिजाबाईंनी ओठ उघडले. मशीन धपधपलं. त्या थांबल्या, पुन्हा धपधपायची वाट बघितली.

"त्याला पण…"

धप्…

"…दम लागतो."

वकील खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

गिरिजाबाईंना आणखी काही सांगायचं होतं. खूप वेळ लागला.

"पुरती… नाही… लावली."

सरांनी कॉटच्या दांडीवर हात ठेवला.

"पुढच्या रविवारी पुरती लावतो, ताई," ते म्हणाले. "अगदी शेवटपर्यंत."

…

परत येताना आभाळ भरून आलं होतं. थंडीतलं आभाळ, पाऊस नसलेलं. सर सावकाश चालत होते आणि शर्वाणीला त्यांच्याबरोबर चालणं जड जात होतं.

"सर, आपण एकदा लावलेलं परत कधीच लावत नाही. दर वेळी नवं ऐकवतो, म्हणून तर कार्यक्रमाला अर्थ आहे."

"होय."

"मग एका माणसासाठी…?"

सरांनी एक सायकलवाला पुढं जाऊ दिला.

"रविवारी मी नाही," ते म्हणाले. "नगरला चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांची तयारी करून घ्यायचीय. कार्यक्रम तू एकटी कर."

शर्वाणी थबकली. कितीतरी महिने ती याच वाक्याची वाट बघत होती.

"एकटी?"

"ती रेकॉर्ड पुरती लाव. बाकी तुझं तू ठरव."

…

तिनं ठरवलं. हॉलंडच्या आपल्या शिक्षकांना कळवलं की रविवारी माझा कार्यक्रम इंटरनेटवर ऐका. आठवडाभर बसून बोलायचं लिहून काढलं. जपानचा पियानो, ब्राझीलचे ढोल, आणि शेवटी पोलंडचा तो सॅक्सोफोन. त्यावरून सनई, सनईवरून श्वास, श्वासावरून मुक्ती. हे सगळं कुठं आणून सोडायचं तेही तिच्या मनात पक्कं झालं होतं.

रविवारी ती सुरेख बोलली. आवाज लागला होता. काचेपलीकडं बसलेल्या तंत्रज्ञानं अंगठा वर करून दाखवला.

सॅक्सोफोनची रेकॉर्ड लांब होती. वाजत राहिली, वाजत राहिली. शर्वाणीनं घड्याळाकडं बघितलं. सनईचं राहिलं होतं. मुक्तीचं राहिलं होतं. तिकडं हॉलंडला ते लोक कान लावून बसलेले.

सर काय म्हणाले होते ते तिला आठवलं. आठवलं नाही असं नाही.

आता राहिलंय तरी किती, असं तिला वाटलं. शेवटी नुसता श्वास आहे आणि वाद्याच्या चाव्यांची खुडखुड.

तिनं आवाज हळूहळू उतरवला आणि माइकवर आली.

"श्वास म्हणजे तरी काय…" तिनं सुरुवात केली.

घरी पोहोचायच्या आत शिक्षकांचा निरोप आला. फार सुंदर झालं, लिहिलं होतं. तिनं तो वडिलांना वाचून दाखवला, आईला वाचून दाखवला.

…

सर नगरहून परतल्याचं कळलं तसा तिनं त्यांच्या घराचा रस्ता धरला. मिशनच्या आवारात शेवटची खोली. सर ओट्याशी उभे राहून कप विसळत होते.

"सर, तुम्ही हवे होतात रविवारी! माझ्या शिक्षकांनी काय लिहिलंय बघा…"

"गिरिजाबाई गेल्या."

तिच्या हातात फोन तसाच राहिला.

"कधी?"

"रविवारी. दुपारी."

नळाचं पाणी वाहत होतं. सरांनी कप पालथा घातला, नळ बंद केला, हात पुसले.

"आवटींना भेटून आलो आत्ता," ते म्हणाले. "लिंगायतांच्या स्मशानभूमीत माती दिली त्याच संध्याकाळी. मुलगी बेळगावहून वेळेवर पोहोचली."

"कार्यक्रम चालू होता तेव्हा…?"

सरांनी होकारार्थी मान हलवली.

शर्वाणी खुर्चीवर बसली.

"वेळ कमी होता, सर," ती शेवटी म्हणाली. तिला स्वतःलाच तो आवाज ऐकवला नाही. "मी शेवट कापला. मुद्दाम नाही… म्हणजे, मुद्दामच. मला बोलायचं होतं."

सरांनी पालथा कप उचलून फळीवर ठेवला.

"रागवा तरी, सर. काहीतरी म्हणा."

"माझं काय गेलंय?" सर म्हणाले.

ती उठली. दारापर्यंत गेली. बाहेर मिशनच्या शाळेची पोरं नाताळच्या चांदण्या तारेवर बांधत होती, त्यांचा गलका चालला होता.

"मी आता नाही येणार रेडिओवर," ती मागं न वळता म्हणाली. "तुम्ही बंदच करा तो कार्यक्रम."

"रविवारी ये."

"कशाला?"

"आवटी यायचेत."

…

ती आली. यायचं नाही असं घरातून निघेपर्यंत म्हणत होती, तरी आली. स्टुडिओच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर अंग चोरून बसली. सर कपाटातून रेकॉर्ड काढत होते.

जिन्यावर पावलं वाजली. थांबली. पुन्हा वाजली. आवटी वकील कठड्याला धरून वर आले. शर्ट इस्त्रीचाच होता, पण गुंड्या वरखाली लागल्या होत्या.

शर्वाणी उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं रस्ताभर घोकलं होतं.

"काका, मी त्या दिवशी…"

"त्या दिवशी मी फोनवर ताडकन बोललो तुम्हाला," वकील म्हणाले. "राग मानू नका. माझं चित्त ठिकाणावर नव्हतं."

तिला रडू आलं. ते तिनं कसंबसं आत ढकललं.

वकील खुर्चीवर टेकले. धाप कमी व्हायची वाट बघत राहिले.

"एक विचारायला आलोय," ते म्हणाले. "त्या रविवारी ती ऐकत होती. डोळे उघडे होते. मी शेजारीच होतो, उठलो नाही मुद्दाम. आणि मग ते वाजायचं थांबलं, तुमचं बोलणं सुरू झालं. तेव्हा तिनं हात आपटला."

ते थांबले.

"मला वाटलं, बंद करा म्हणते. इतक्या दिवसांत कधी म्हणाली नव्हती. मी लगेच उठलो, खिडकीकडं गेलो, रेडिओ बंद केला. वळलो तर…"

सरांनी सुईवरची धूळ पुसायची थांबवली.

"बंद करा म्हणत होती, का पुढचं ऐकू द्या म्हणत होती, ते मला कळलं नाही. आता कळायचंही नाही. पण पुढं जे होतं ते तिला ऐकायचं होतं. ते मी ऐकून जाईन म्हणतो."

सरांनी रेकॉर्ड शर्वाणीच्या हातात दिली.

"मी?"

"माझा हात कापतो."

तिनं रेकॉर्ड ठेवली. भजनं संपली होती. लाल दिवा लागला. सरांनी वादकाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, साल सांगितलं. माइक बंद झाला आणि सुई खाली आली.

तिघं ऐकत बसले. गावात आणखी कोण ऐकत होतं, कुणास ठाऊक.

सॅक्सोफोन सुरुवातीला ओरडला, मग कण्हला, मग एकाच सुराभोवती घोटाळत राहिला. वकील मांडीवर हात ठेवून ताठ बसले होते, कोर्टात बसत असतील तसे. जिथं आवाज उतरवला होता ती जागा आली. शर्वाणीला ती आधीच कळली. वकिलांनाही कळली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

रेकॉर्ड पुढं गेली.

सूर गेलेच. उरला नुसता श्वास, पितळेच्या नळीतून आत-बाहेर होणारा, आणि चाव्यांची बारीक खुडखुड, जशी कुणी अंधारात काहीतरी चाचपतंय. श्वास लांबला. तुटला. परत आला. मग एकदम एक सूर लागला, स्वच्छ, जेमतेम ऐकू येईल एवढा. पुढचा येणार असं वाटलं. आला नाही. तिथं कुणीतरी खोकलं, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि संपलं.

सुई रिकाम्या रेघेत फिरत राहिली.

वकिलांनी डोळे उघडले. ते सरांकडं बघत नव्हते. शर्वाणीकडं बघत होते.

"बाई, तुम्ही परदेशी जाऊन शिकून आलात. एवढं मला सांगा," ते म्हणाले. "हा शेवट होता? का त्याचं नुसतं थांबलं?"

शर्वाणीजवळ उत्तर होतं. एक नाही, बरीच होती. त्या वादकाच्या मुलाखती तिनं वाचल्या होत्या. त्या लोकांच्या विचारात शेवट म्हणजे काय, यावर ती तासभर बोलू शकली असती. ती सगळी उत्तरं तिच्या तोंडाशी आली.

समोर वरखाली लागलेल्या गुंड्यांचा शर्ट होता.

"मला माहीत नाही, काका," ती म्हणाली.

वकिलांनी मान हलवली. पुन्हा हलवली. मग खिशातून रुमाल काढला आणि तोंडावर धरून बसले.

काचेपलीकडं तंत्रज्ञ घाईघाईनं हातवारे करत होता. हवेवर काहीच जात नव्हतं. त्यानं लाल दिवा लावला, माइककडं बोट दाखवलं.

शर्वाणीनं सरांकडं बघितलं. सरांनी आपली खुर्ची मागं सरकवली आणि माइक तिच्याकडं वळवला.

तिनं माइकवर हात धरला, सरांच्या कानाशी वाकली.

"सर… काय सांगू? मला माहीत नाही."

"हेच," सर म्हणाले. "हेच सांग."